सही नेमकी कोणाची?

शस्त्रक्रियेआधी संमतिपत्र पुढे केले की आमच्या वॉर्डात एक गोष्ट वारंवार दिसते. पन्नाशीच्या बाई पेन हातात घेत नाहीत. ‘मालकांना विचारा’ म्हणतात. तिशीतला तरुण ‘पप्पा गावाहून येऊ देत’ म्हणतो. हर्निया त्याचा, भूल त्यालाच द्यायची, पण निर्णय दुसऱ्याचा. पुढे टाके दुखू लागले की ‘मला कुठे करायचं होतं? घरच्यांनी करायला लावलं,’ असे ऐकायला मिळते.

कायद्याने माणूस १८ व्या वर्षी सज्ञान होतो. रुग्ण सज्ञान आणि निर्णयक्षम असेल व जिवावरचा तातडीचा प्रसंग नसेल, तर आईनेही तिच्या वतीने दिलेली संमती पुरेशी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका प्रकरणात स्पष्ट केले. गर्भपातासाठी सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. कायद्याने नवऱ्याची सही लागत नाही. हक्क कागदावर आहे, तो वापरायची सवय मात्र अनेकांना नसते.

परिणामांचा विचार करणारा, मोहाला आवर घालणारा मेंदूचा कपाळामागचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत राहतो. पण मेंदू तयार झाला म्हणजे मनही प्रौढ झाले, असे नाही. लहान मूल नियम पाळते ते मोठ्यांनी सांगितला म्हणून. त्यामागचे कारण पटणे ही पुढची पायरी. अनेक जण चाळिशीतही पहिल्याच पायरीवर असतात. गोळी घेतात ती बायको देते म्हणून, तंबाखू सोडतात ती डॉक्टर रागावले म्हणून. बायको माहेरी गेली की गोळी चुकते.

उलट टोकही प्रौढपणाचे नाही. ‘वडील सांगतात ना, मग मी करणारच नाही,’ म्हणणाऱ्याचा निर्णयही वडीलच ठरवत असतात, फक्त उलट्या दिशेने.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या तीन मानसिक गरजा मांडल्या: स्वायत्तता, आपल्याला जमते ही जाणीव आणि आपुलकीची नाती. त्यांच्या मते स्वायत्तता म्हणजे एकटे पडणे नव्हे. दहा जणांचा सल्ला घेऊन, तो पारखून, ‘हे मला पटले’ म्हणणारा माणूसही स्वायत्तच. म्हणजे एकत्र कुटुंबात राहूनही हे साधते. मधुमेहासारख्या आयुष्यभराच्या आजारात तर याचा थेट उपयोग होतो. पथ्याचे कारण स्वतःला पटले असेल, तर ते पाळणे सोपे जाते.

याचा सराव कोणत्याही वयात सुरू करता येतो. डॉक्टरांपुढे आपला त्रास आपणच सांगा. आपल्या औषधांची नावे आणि ती कशासाठी आहेत, हे माहीत करून घ्या. शस्त्रक्रिया सुचवली तर तीन प्रश्न विचारा: केली तर काय होईल, नाही केली तर काय होईल, दुसरा पर्याय कोणता? घरच्यांशी जरूर बोला, पण शेवटी ‘मी ठरवले’ असे म्हणता आले पाहिजे. निर्णय चुकला, तर दोष कोणाला द्यायचा हे शोधण्यापेक्षा पुढे काय करायचे ते पाहा. नातेवाइकांनाही एक विनंती: प्रश्न रुग्णाला विचारला असेल, तर उत्तरही त्यालाच देऊ द्या.

एक सावधगिरी मात्र हवी. निर्णय टाळणारा प्रत्येक जण अपरिपक्व नसतो. घरात मारहाण होत असेल, हाती पैसा नसेल, तर गप्प राहणे ही भीती असते. अशा वेळी डॉक्टरांनी रुग्णाशी एकांतात बोलावे. पूर्वी ठामपणे वागणाऱ्या माणसाला दोन-तीन आठवडे साधी गोष्टही ठरवता येईना, झोप आणि भूक बिघडली, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते. त्यावर उपचार आहेत. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

पुढच्या वेळी संमतिपत्र समोर आले, तर आधी ते वाचा किंवा वाचून घ्या. समजले नाही तर पुन्हा विचारा. समजल्यावर केलेली सहीच तुमची. अंगठा उठवला तरी चालेल, पण तो समजून उठवलेला असावा.