विमान जगते ते सुट्या भागांवर

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर १९४९ पासून मध्यरात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची टपाल विमाने एकत्र येत. थैल्यांची अदलाबदल झाली की पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. या सेवेची डाकोटा विमाने महायुद्धाच्या पिढीतली. युद्ध संपल्यावर लष्कराने अशी विमाने स्वस्तात विकायला काढली होती. पॅसिफिकमधल्या रबाऊलला आणि बोगनव्हिल बेटावर शरणागतीनंतर उरलेल्या जपानी विमानांच्या वाट्याला मात्र बहुधा मोडतोडच आली. सप्टेंबर १९४५ मध्ये न्यूझीलंडचे वैमानिक बिल कोफोड यांनी बोगनव्हिलवर एक ‘झिरो’ लढाऊ विमान उडवत नेले. ते आज ऑकलंडच्या संग्रहालयात आहे, पण हा अपवाद. धडधाकट विमानेही वाचली नाहीत, कारण त्यांच्या इंजिनांचे भाग बनवणारे कारखाने बंद पडले होते आणि दुरुस्ती जाणणारे हात बेटांवरून मायदेशी निघाले होते.

यावर कोणी म्हणेल, ती विमाने हुकमाने नष्ट झाली. सुट्या भागांचा संबंध काय? हुकूम होता हे खरेच. पण हुकूम कानपूरलाही होता. तिथली ‘लिबरेटर’ बॉम्बफेकी विमाने पुन्हा उडू नयेत म्हणून ब्रिटिशांनी मुद्दाम निकामी केली: उपकरणे फोडली, धडांना भोके पाडली, इंजिनांत वाळू ओतल्याचेही सांगतात. तरीही १९४८ मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी एकाचे भाग दुसऱ्याला लावून ती उभी केली. वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती डागडुजी केलेल्या अवस्थेतच बंगळूरला उडवत नेली. तिथे पूर्ण दुरुस्ती झाल्यावर ती हवाई दलात दाखल झाली आणि १९६८ पर्यंत उडत राहिली.

हे जमले ते नुसत्या जिद्दीने नव्हे. लिबरेटरची चार आणि डाकोटाची दोन इंजिने एकाच कुळातली, प्रॅट अँड व्हिटनीची १४ सिलिंडरची ‘ट्विन वास्प’. बंगळूरच्या कारखान्याने युद्धकाळातच अमेरिकी विमानांच्या दुरुस्तीचा धडा गिरवला होता. उलट १९९१ मध्ये नागपुरात उतरलेले बोइंग ७२० कोणी फोडले नव्हते, तरी ते दोन दशकांहून अधिक काळ जागचे हलले नाही. दुरुस्तीचा खर्च उचलायला कोणी पुढे आले नाही. म्हणून जुन्या विमानाचे आयुष्य जोखताना त्याच्या पत्र्याची अवस्था नंतर पाहावी. आधी त्याच जातीची किती इंजिने अजून फिरताहेत आणि ती दुरुस्त करण्याची कोणाला गरज वाटते, ते मोजावे.