आधी हत्तीला वाफ

चार वर्षांचा नातू न्यूमोनियानं सहा रात्री मुलांच्या वॉर्डात होता. दिवसा त्याची आई, रात्री मी. अँटिबायोटिक शिरेतून चालू होतंच. छातीत घरघरही होती म्हणून दिवसातून चार वेळा वाफ द्यायची. पहिल्या रात्री मास्क पाहताच पोरानं हंबरडा फोडला. चाळीस खाटा आणि दोन नर्सेस. "आजोबा, हात धरा," ड्यूटीवरच्या बाई म्हणाल्या. मी धरले. वर "काही होत नाही रे" असं सांगतही होतो. दहा मिनिटांनी औषध संपलं, तक्त्यावर वेळ पडली, सही झाली. नातू माझ्याकडे पाठ करून झोपला.

दुसऱ्या रात्री वेगळ्या सिस्टर आल्या. मास्क घेऊन त्या नातवाकडे गेल्याच नाहीत. उशाशी कापडी हत्ती होता, त्याला विचारलं, "काय हत्तीदादा, खोकला आहे म्हणे?" मास्क सोंडेवर धरला. नातू बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "अशी नाही, सोंड आत घाला." त्यानं स्वतः घालून दाखवली आणि मग आपल्या नाकातोंडावर मास्क स्वतःच धरला. मी घड्याळ लावून पाहिलं (बँकेतली खोड), कालच्यापेक्षा दोन मिनिटं जास्त लागली होती.

मला ते लाघव वाटलं. सिस्टरांनी समजूत दुरुस्त केली. रडणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर मास्क नीट बसत नाही, श्वास आत जातो तो तुटक, झटक्याचा. औषध घशात आणि पोटात जातं, फुप्फुसात फारच थोडं. म्हणजे काल सही झाली, औषध बहुतेक वाया गेलं! बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या चिमट्याचं तेच. हात झाडला की आकडा भरवशाचा राहत नाही. सिस्टरांनी त्या लाल दिव्याचा काजवा केला आणि काजवा उडू नये म्हणून हात स्थिर ठेवायची पैज लावली.

श्वास मोजायलाही मूल शांत लागतं. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त असतील तर ते जलद समजायचे; दोन महिने ते एक वर्षापर्यंत ही मर्यादा ५०. आमच्या लहानपणी या आजाराला 'डबा' म्हणत आणि पोटावर बिब्ब्याचे डाग देत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवलं, बालमृत्यू कमी करून दाखवले. त्याचा शोधनिबंध १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं होतं.

तेव्हा साबणाचे फुगे उडवून न्यूमोनिया बरा होतो असं कोणी समजू नये. तो औषधानंच बरा होतो. ते औषध पोचायला मात्र मुलाची संमती लागते.

समोरच्या खाटेवर आठ महिन्यांचं बाळ होतं, आईबाप बांधकामावरचे. मी हुशारी करून हातमोज्याचा फुगा करायला सुचवलं. सिस्टर म्हणाल्या, "नको, फुटला तर तुकडा घशात जाईल." त्यांनी स्टेथोस्कोप तळव्यात चोळून कोमट केला, पदराआडून आईला 'कुक' करायला लावलं आणि बाळ तिच्या मांडीवर असतानाच छाती तपासली.

चौथ्या दिवशी मोठ्या बाईंनी राउंडला सिस्टरांना सुनावलं, "एका खाटेवर इतका वेळ?" त्यांचंही चूक म्हणवत नाही. तक्त्यात ताप, नाडी, श्वास, ऑक्सिजन असे रकाने होते, खेळाचा नव्हता. माझी नोकरी खातेवह्यांत गेली. ज्याला रकाना नाही त्याला माणूसबळही मंजूर होत नाही, हे मी जाणतो.

मलाही ओरडा बसला. "आजोबा, 'दुखणार नाही' म्हणू नका. तुमच्यावरचा विश्वास जातो." पाचव्या सकाळी सलाईनची सुई बदलायची होती. नातवानं मलाच विचारलं, "दुखेल?" मी म्हणालो, "हो, थोडं. तीनपर्यंत मोजू." तो दोनपर्यंत मोजून रडला, पण हात ओढला नाही. मग हत्तीच्या पायालाही चिकटपट्टी लावली. घरी येऊन महिना झाला, ती तो अजून काढू देत नाही.