नाथसागर पाहायचा तो काठावरून

दर पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या शहरांतून ट्रेकिंगचे जथे काश्मीरला निघतात. सोनमर्गहून चढून विशनसर, किशनसर, गडसर, सतसर करत गंगबल-नुंदकोलपर्यंत चालायचे, तळ्याकाठी तंबू ठोकायचा, परवाना काढून गळाला ट्राउट लावायचा, असा तो आठवड्याचा कार्यक्रम असतो. हौस चांगली आहे. पण तिच्यामुळे तळ्यावर जाणे म्हणजे काय, याचे एकच चित्र डोक्यात पक्के बसते आणि मग ते घरच्या पाण्यावरही लादले जाते. छत्रपती संभाजीनगरपासून पन्नासेक किलोमीटरवर पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, आहे. त्याच्या पर्यटनविकासाचा विषय निघाला की जेट्टी, स्पीडबोट, वॉटर स्कूटर हीच यादी पुढे येते. ती या पाण्याला लागू पडत नाही. नाथसागराचे खरे धन त्याच्या काठावर आहे, आणि तो चालत, थांबत, लांबून पाहण्याचा जलाशय आहे.

कारण त्याच्या घडणीतच आहे. हिमालयातली किंवा आल्प्समधली तळी हिमनद्यांनी कोरलेल्या खडकात साठलेली असतात. पाणी थंडगार, तळाला अन्न कमी, म्हणून जीवसृष्टीही विरळ. जिनिव्हाचे सरोवर तीनशे मीटरहून खोल आहे. जायकवाडीचे धरण मात्र गोदावरीच्या सपाट खोऱ्यात, मातीच्या सुमारे दहा किलोमीटर लांब भिंतीने अडवलेले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्‌घाटन. पूर्ण भरल्यावर त्यात सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी मावते आणि ते साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरते. भागाकार केला तर सरासरी खोली जेमतेम आठ मीटर येते. म्हणजे हा सागर परातीसारखा आहे: अफाट रुंद आणि उथळ. पाणी थोडे उतरले तरी काठ दूरवर मागे सरकतो आणि ओला गाळ उघडा पडतो. उथळ, उबदार पाण्यात ऊन तळापर्यंत पोचते. शेवाळ, पाणवनस्पती, गोगलगायी, किडे, माशांची पिल्ले सगळे तिथेच वाढते. त्या गाळावर रोहित पक्षी चोच उलटी करून अन्न गाळतात, चक्रवाकांच्या जोड्या चरतात आणि तिथेच काठचे शेतकरी गाळपेर करतात. १९८६ मध्ये शासनाने या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा दिला तो या उथळपणामुळेच सार्थ ठरतो.

उंचावरच्या तळ्यांशी नाथसागराचे खरे नाते शोधायचे तर ते पट्टकादंबात सापडते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंसाच्या कुळातला पक्षी उन्हाळ्यात तिबेट आणि लडाखच्या तळ्यांवर वीण करतो. साडेचार हजार मीटर उंचीवरचे त्सो मोरिरी आणि त्सो कार ही त्याची भारतातली घरे. थंडी पडली की तो हिमालय ओलांडतो. सात हजार मीटरवरून त्याच्या उड्डाणाची नोंद उपग्रहाशी जोडलेल्या यंत्रांनी केली आहे. तेवढी मजल मारून जे थवे दक्षिणेत उतरतात, त्यांतले काही नाथसागरावर हिवाळा काढतात. त्यांना इथे दोनच गोष्टी हव्या असतात, चरायला जागा आणि निवांतपणा. इंजिनाची बोट जवळ आली की थवा उठतो. एकदा उठला तर फारसे बिघडत नाही, पण दिवसातून दहा वेळा उठावे लागले तर परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी त्या उडण्यातच खर्ची पडते. शिवाय उथळ पाण्यात पंखा फिरला की तळचा गाळ ढवळतो, पाणी गढूळ होते आणि गाळात बसलेली पोषक द्रव्ये पुन्हा पाण्यात येऊन शेवाळ माजते. हेच पाणी छत्रपती संभाजीनगर शहर पिते. ज्या शहरात नळाला कैक दिवसांआड पाणी येते, त्याने आपल्या पाण्यात तेलाचे तवंग सोडायला परवाने द्यावेत, यात काही तर्क दिसत नाही.

यावर ठरलेले उत्तर असे की परदेशात तर सरोवरांवर बोटीच बोटी असतात. असतात, पण तिथले नियमही पाहावेत. बव्हेरियातल्या क्योनिगझे या डोंगरी सरोवरावर १९०९ पासून प्रवासी बोटी विजेवर चालतात. अमेरिकेतले ताहो सरोवर पाचशे मीटर खोल आहे. तरी तिथे जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोक इंजिनांवर १९९९ मध्ये बंदी आली. मासेमारीच्या हौसेची कथा तर आणखी बोलकी आहे. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेव्हाडा पर्वतातल्या बहुतेक उंच तळ्यांत मुळात मासेच नव्हते. गळवाल्या शौकिनांसाठी तिथे ट्राउट सोडले गेले. त्यांनी बेडकांची पिल्ले आणि पाणकिडे फस्त केले, पिवळ्या पायांचे बेडूक तळ्यामागून तळ्यातून नाहीसे झाले, आणि आता राष्ट्रीय उद्यानांची माणसे काही तळ्यांतून तेच ट्राउट जाळी लावून काढत आहेत. काश्मीरमधला ट्राउटही इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बाहेरून आणलेला. आपल्याकडच्या धरणांत चिलापी अशीच परकी येऊन घरमालकीण झाली. तेव्हा पर्यटकांच्या गळासाठी आणखी कुठला ‘खेळकर’ मासा सोडण्याची कल्पना कुणी मांडली तर ती दारातूनच परत पाठवावी.

खरा आक्षेप रोजगाराचा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. धरणात जमिनी गेलेली गावे काठावर आहेत. भोई आणि कहार समाजाची कुटुंबे याच पाण्यावर जगतात. त्यांना पर्यटनातून चार पैसे मिळायला नकोत का? मिळायला हवेत, पण ते कोणत्या पर्यटनातून मिळतात ते तपासावे. स्पीडबोट घ्यायला भांडवल लागते, ते गावात नसते. ठेकेदार बाहेरचा, गिऱ्हाईक अर्ध्या तासाची चक्कर मारून संध्याकाळी शहरात परत. पक्षी पाहणाऱ्याला मात्र पहाटे काठावर असावे लागते, म्हणून त्याला गावात मुक्काम करावा लागतो, जेवण लागते आणि कुठला थवा कुठे उतरला आहे हे सांगणारा माणूस लागतो. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवण परिसरात मच्छीमार तरुणांनीच हा व्यवसाय उभा केला. ते आपल्या होड्यांतून रोहित दाखवायला नेतात, म्हणून सरसकट बोटबंदी मागणे मलाही पटत नाही. स्थानिकांच्या वल्ह्याच्या होड्या, ठरलेली संख्या आणि ठरलेला मार्ग एवढी मोकळीक नाथसागराला सोसेल. याच गोदावरीवर वरच्या अंगाला नांदूर मध्यमेश्वर आहे, जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत गेलेले महाराष्ट्रातले पहिले पाणथळ. तिथे लोक मनोऱ्यांवरून आणि पायवाटेवरून पक्षी पाहतात. स्पीडबोट नाही म्हणून कुणी यायचे थांबलेले नाही.

दुसरा आक्षेप चिडून घेतला जातो: याच जलाशयावर तरंगता सौर प्रकल्प प्रस्तावित आहे, मग चार बोटींनीच काय घोडे मारले? त्या प्रकल्पाविरुद्ध कहार समाजाची पंच समिती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि मे २०२५ मध्ये न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. प्रकल्पाबद्दल मतभेद असू शकतात. पण पाण्याचा एक भाग पॅनेलखाली जाणार असेल तर उरलेला शांत ठेवण्याची गरज वाढते, कमी होत नाही.

आता चालणाऱ्यांविषयी, कारण तेही काही निरुपद्रवी नसतात. रूपकुंडाच्या वाटेवरच्या बुग्यालांत तंबूंची इतकी गर्दी झाली की उत्तराखंड उच्च न्यायालयाला २०१८ मध्ये त्या कुरणांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घालावी लागली. नाथसागराच्या काठावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच जाण्याचा काळ असावा. मार्चनंतर उघड्या गाळावर आणि बेटांवर टिटव्या, नदी सुरय यांची अंडी जमिनीवरच असतात, ती पायाखाली येतात. पावसाळ्यात मासे चढणीला लागतात, ते त्यांच्या विणीचे दिवस. गाळपेराच्या हरभऱ्यातून वाट काढण्याआधी शेतकऱ्याला विचारावे, ओला गाळ गुडघाभर रुतवतो म्हणून माहीतगार माणूस बरोबर असावा, आणि मासे हवेच असतील तर गळ न टाकता काठावर मच्छीमाराकडून ताजे विकत घ्यावेत. शासनाकडे नाथसागरासाठी पैसा असेल तर तो जेट्टीवर घालू नये. काठच्या गावांत दोन-चार निरीक्षण मनोरे, मुक्कामाच्या साध्या खोल्या, स्वच्छतागृहे आणि स्थानिक तरुणांचे मार्गदर्शक प्रशिक्षण यांवर तो आधी खर्च व्हावा, आणि इंजिनाच्या बोटींचा प्रस्ताव रद्द समजावा.