आधी उतार, मग चढ

आपल्याकडे डोंगर चढताना दमलो तर मागे फिरायचं. परतीला उतारच असतो. ग्रँड कॅन्यनमध्ये हिशेब उलटा. ॲरिझोनाला मावशीकडे गेले होते, तेव्हा ब्राइट एंजल वाटेने मी मजेत उतरत सुटले. मावशी म्हणाली, "आता वळ. चढायला दुप्पट वेळ लागतो." दरी सुमारे १.६ किलोमीटर खोल. जितकं खाली, तितका उकाडा. वर पोचले ती रडकुंडीला येऊन.

कठड्यापाशी कॉन्डर गिधाड दिसलं, पंखाला नंबराचा बिल्ला. १९८२ मध्ये जगात ही अवघी २२ उरली होती. पिंजऱ्यात वाढवून १९९६ पासून ॲरिझोनात सोडली. मेलेल्या जनावरातल्या गोळीचं शिसं पोटात जाऊन ती अजूनही मरतात.

जायचं झालं तर निम्मं पाणी संपण्याआधीच वळा.