डोळा उघडा असताना

पारपटलाच्या (कॉर्नियाच्या) रोपणात डोळा काही मिनिटं अक्षरशः उघडा असतो. बुबुळावरचं हे पारपटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. पूर्ण जाडीच्या रोपणात त्याची साडेसात-आठ मिलिमीटर व्यासाची चकती कापून काढतात आणि दात्याची चकती केसाहून बारीक टाक्यांनी शिवतात. जुनी निघाली, नवी बसायची आहे, या मधल्या वेळात भिंगापुढे काहीच नसतं.

डोळ्याच्या आतला दाब शून्यावर येतो. त्या धक्क्याने मागची रक्तवाहिनी फुटली, तर साचणारं रक्त भिंग, पडदा सगळं बाहेर ढकलतं. सोड्याच्या बाटलीचं बूच उडावं तसं. प्रकार विरळा, पण नजर घालवणारा. तेव्हा नाजूक काम करत बसायचं नसतं. आधी बोटाने जखम दाबायची, हाताशी असेल ती चकती ठेवून भराभर टाके घालायचे. रक्ताचा निचरा नंतर. हे टाळण्यासाठीच शस्त्रक्रियेआधी मॅनिटॉल देऊन डोळ्यातला दाब उतरवतात, रक्तदाब पाहतात.

1905 च्या डिसेंबरात ओलोमोउत्स गावी एदुआर्द झिर्म यांनी चुन्याने अंध झालेल्या मजुराच्या दोन्ही डोळ्यांत रोपण केलं. एकच टिकलं, पण ते माणसातलं पूर्ण जाडीचं पहिलं यशस्वी रोपण ठरलं. पुढच्या शतकातली खरी हुशारी माझ्या मते एकच, डोळा शक्यतो उघडायचाच नाही. फक्त पुढचे थर बदलायचे असतील, तर पारपटलात हवा भरून आतला पातळ पापुद्रा वेगळा करतात. तो किंचित फाटला तर आत हवेचा बुडबुडा सोडून भागतं. जास्त फाटला तर मुकाट्याने पूर्ण जाडीच्या रोपणाकडे वळावं लागतं. म्हणून दात्याचं पटल पहिल्यापासून त्या दर्जाचं लागतं.

फक्त आतला थर बदलताना दात्याच्या जेमतेम दहा-पंधरा मायक्रॉनच्या पापुद्र्याची गुंडाळी होते. तो दिसावा म्हणून निळा रंग देतात, उलटा बसू नये म्हणून त्यावर अक्षराची खूण करतात. मग हवेच्या बुडबुड्याने तो वर चिकटवायचा आणि रुग्णाने उताणं पडून राहायचं. मुंबईत अँटॉप हिलच्या एका खोलीत सहा माणसं असली की हे सांगायला सोपं, पाळायला कठीण! पापुद्रा सुटला तर पुन्हा हवा भरतात.

काही अडचणी टेबलावर येण्याआधीच्या असतात. शेजारच्या वडाळ्यात ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. कुष्ठरोगात पापणी मिटेनाशी होते आणि पारपटल कोरडं पडून डागाळतं. तिथे आधी पापणी दुरुस्त केली नाही, तर उत्तम रोपणही बिघडतं.

परळ-शीवच्या रुग्णालयात रोपणाची तारीख मिळाली असेल, तर जुना खोकला, बद्धकोष्ठ, काचबिंदू आणि रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांना आधीच सांगा. उघड्या डोळ्यावर एक जोरदार ठसकाही महागात पडतो.