यंत्राचे घर : संगणकाच्या कॅबिनेटची निवड, शीतकरण आणि निगा



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी मला विज्ञान शिकविले. ऑक्टोबरच्या उकाड्यात आमच्यापैकी कोणी वर्गाची एकच खिडकी उघडली, की सर हसून म्हणत, ‘वाऱ्याला आत बोलावलेस, पण जायला वाट कुठे ठेवलीस?’ आणि समोरची खिडकी स्वतः उघडीत. पुढे मी अभियंता झालो, उष्णतेची गणिते शिकलो. तरीही हा साधा धडा एकदा विसरलो आणि त्याची किंमत मोजली. आजचे विवेचन त्या विस्मरणातून सुचलेले आहे.

विषय आहे संगणकाच्या कॅबिनेटचा. व्यवहारात आपण या पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणतो. वस्तुतः सीपीयू हा पेटीच्या आतील मदरबोर्डवर बसविलेला, तळहातात सहज मावेल एवढा भाग. लॅपटॉप आणि मोबाईल घरोघर असले, तरी चित्रपट-संकलन, वास्तुरेखाटन किंवा ध्वनिमुद्रण करणारे अनेक जण आजही सुटे भाग निवडून संगणक जुळवून घेतात. त्या खरेदीत प्रोसेसरवर दहा दिवस चर्चा होते आणि कॅबिनेट मात्र दुकानदार देईल ते, किंवा दिसेल ते घेतले जाते.

२००८ साली मीही असा संगणक जुळविला. आपल्या गोव्यातील पावसाळा, समुद्राकडून येणारा खारा वारा, मुंग्या आणि पाली या सर्वांची मला धास्ती होती. म्हणून सुताराकडून प्लायवुडची एक देखणी, घट्ट झाकणाची पेटी करवून घेतली. मागे तारांपुरते एक भोक ठेवले. पावसाळा निर्विघ्न पार पडला आणि मला स्वतःच्या कल्पकतेचे कौतुक वाटले. पुढच्या एप्रिलमध्ये संगणक काम करता करता आपोआप बंद पडू लागला. मी तो पुनःपुन्हा चालू करीत राहिलो. अखेर एके दिवशी हार्ड डिस्क निकामी झाली. तीत माझ्या आत्याने जात्यावर म्हणावयाच्या ओव्यांचे दोन संध्याकाळी केलेले ध्वनिमुद्रण होते. आत्या तोवर निवर्तली होती. उष्णतेने डिस्कचा घात केला की वारंवारच्या अकस्मात बंद पडण्याने, याचा निवाडा आता होणे नाही. पण दोहोंचे मूळ त्या बंद पेटीत होते. दुसरी प्रत मी ठेवली नव्हती, हा दोषही माझाच.

त्या पेटीत काय घडत होते, ते पाहू. संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सर्व अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. १९८१ च्या आयबीएम पीसीचा वीजपुरवठा अवघा ६३.५ वॅटचा होता. त्यातल्या पंख्यावर सर्व भागत असे. २०२५ मध्ये बाजारात आलेले एन्व्हिडियाचे आरटीएक्स ५०९० हे एकटे ग्राफिक्स कार्ड ५७५ वॅटपर्यंत वीज घेते. आपण मध्यम प्रतीचा, ३०० वॅट घेणारा संगणक उदाहरणासाठी घेऊ. आत येणारी हवा बाहेर पडेपर्यंत १० अंश सेल्सिअसहून अधिक तापू नये असे वाटत असेल, तर दर सेकंदाला सुमारे २५ लिटर, म्हणजे एका मोठ्या बादलीहून अधिक हवा पेटीतून वाहावयास हवी. तारांच्या भोकातून ती कशी वाहणार? लाकूड उष्णतेचे दुर्वाहक असल्याने तीही वाट बंद. आतील पंखे फिरत होते, पण तीच तापलेली हवा घुसळीत होते. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःची गती कमी करतो आणि तरीही ताप वाढला तर संगणक बंद होतो. यंत्र मला सावध करीत होते. मी ते बिघाड समजलो.

याहून मंद नुकसान डोळ्यांना दिसत नाही. मदरबोर्डवरील व एसएमपीएसमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे तापमान १० अंशांनी वाढले, की त्यांचे आयुष्य साधारणतः निम्मे होते, असा ठोकताळा आहे.

म्हणून कॅबिनेट निवडताना त्याकडे कपाट म्हणून न पाहता हवेची वाट म्हणून पाहावे. प्रथम मापे जुळवावीत. १९९५ मध्ये इंटेलने मांडलेल्या एटीएक्स पद्धतीचा मदरबोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटरचा असतो. मायक्रो एटीएक्स २४४ मिलिमीटर चौरस. ग्राफिक्स कार्डाची लांबी पुष्कळदा ३०० मिलिमीटरच्या पुढे जाते आणि प्रोसेसरवरील उंच हीटसिंक १६० मिलिमीटरच्या आसपास असतो. तेव्हा खरेदीपूर्वी टेप लावून पाहावी. दुसरे, दर्शनी बाजू जाळीची असावी. समोर अखंड काच आणि आत रंगीत दिवे ही शोभा खरी. पण काचेमागच्या पंख्याला कडेच्या अरुंद फटीतूनच श्वास घ्यावा लागतो. तिसरे, पंखे १२० किंवा १४० मिलिमीटरचे बसतील असे पाहावे. मोठा पंखा सावकाश फिरूनही तितकीच हवा देतो आणि आवाज कमी करतो. चौथे, धूळ अडविणारी जाळी हाताने सहज निघणारी व धुता येणारी असावी. जी काढावयास चार स्क्रू सोडवावे लागतात, ती वर्षभर कोणी काढीत नाही.

शीतकरणाची रचना सरांच्या दोन खिडक्यांहून वेगळी नाही. समोरून दोन पंखे हवा आत घेतील आणि मागून एक बाहेर टाकील, एवढे बहुतेक संगणकांना पुरते. आत येणारी हवा बाहेर ढकलल्या जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक असली, म्हणजे पेटीत थोडा दाब राहतो आणि फटीफटींतून हवा बाहेर पडते. धुळीला जाळी टाळून आत शिरता येत नाही. खालच्या बाजूचा एसएमपीएस तळातून हवा घेत असेल, तर कॅबिनेट सतरंजीवर ठेवू नये. भिंतीपासून अर्धी वीत तरी अंतर सोडावे. पाण्याने थंड करण्याच्या पद्धतीचा पुष्कळ बोलबाला आहे. पण पाणी उष्णता केवळ उचलून रेडिएटरपर्यंत नेते, तेथून ती घालवावयाची हवेनेच. आणि कोणताही पंखा यंत्राला खोलीतील हवेहून थंड करू शकत नाही, हेही ध्यानात असावे.

मग दमटपणाचे, मिठाचे आणि पालींचे काय? माझी भीती खोटी नव्हती, उपाय चुकीचा होता. मागील रिकाम्या खाचांच्या पट्ट्या जागच्या जागी असाव्यात. पाली बहुधा तेथूनच शिरतात. पावसाळ्यात संगणक महिनोन्‌महिने बंद न ठेवता अधूनमधून तास-दोन तास चालवावा. त्याच्या स्वतःच्या उबेने आतील ओल निघून जाते. वातानुकूलित खोलीत थंड झालेल्या यंत्रावर खिडकी उघडून बाहेरची दमट हवा घेऊ नये. थंड तांब्यावर जमते तसे दव त्यावर जमते. धूळ साचू देऊ नये. क्षारयुक्त धूळ ओल धरते आणि त्या ओलीत धातू गंजतो.

जाळी महिन्यातून एकदा धुऊन, पूर्ण वाळवून लावावी. वर्षातून दोनदा कॅबिनेट उघडावे. आधी मुख्य बटण बंद करून प्लग काढावा, मग संगणकाचे बटण काही क्षण दाबून उरलेली वीज निघून जाऊ द्यावी. मऊ ब्रश व हवेचा ब्लोअर वापरावा. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भरधाव फिरून बेअरिंग खराब होते. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात घातक विद्युतभार शिल्लक असू शकतो.

एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगतो. कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर अनेकदा त्याचे कारण अर्थिंग नसणे हे असते. एसएमपीएसमधील गाळणीच्या रचनेमुळे अर्थिंगविना पत्र्यावर मुख्य विजेच्या निम्म्याच्या आसपास दाब येतो. प्रवाह अल्प असला, तरी आत अन्य बिघाड झाल्यास तोच पत्रा जीवघेणा ठरेल. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. लाकडी कॅबिनेटची हौस असेल त्यांनी ती अवश्य करावी. मात्र समोर व मागे मोकळी जाळी ठेवावी आणि आतील धातूची चौकट अर्थिंगला जोडलेली असावी.

माजी विद्यार्थी शाळेला संगणक देतात, ही आनंदाची गोष्ट आहे. माझी विनंती एवढीच, की देणगीतील थोडा भाग अर्थिंग, जाळ्या आणि ब्लोअर यांसाठी राखावा. संगणक टेबलांच्या बंद कप्प्यांत ठेवावयाचे असतील तर त्या कप्प्यांची पाठ कापून टाकावी. आणि सफाईचे काम नववीच्या मुलामुलींना शिक्षकांच्या देखरेखीखाली शिकवावे. मुलांनी त्यात लिहिलेले, रेखाटलेले, गायिलेले जे काही असेल, त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या ठिकाणी ठेवावी. कॅबिनेट यंत्र राखते. आतील ठेवा राखावयास दुसरी प्रतच लागते.

आत्याच्या ओव्यांपैकी दोन-तीन मला तोंडपाठ आहेत. बाकीच्या गेल्या. ती प्लायवुडची पेटी मी टाकून दिली नाही. झाकण काढून तीत आता पुस्तके ठेवतो.