एका झटक्यात हजारोंचं नुकसान टाळा

जून महिन्यातली संध्याकाळ. रायपूरच्या पंडरी भागात कापड बाजाराची वर्दळ ओसरू लागली आहे. बघता बघता ढग दाटून येतात, कडाडकन आवाज होतो आणि घरातले दिवे जातात. थोड्या वेळाने वीज परत येते, पण टीव्ही काही सुरू होत नाही. वॉशिंग मशीनही मुकी. वीज घरावर तर पडली नाही, मग हे झालं कसं? अशा वेळी बरेचजण नशिबाला बोल लावून मोकळे होतात. खरं तर थोडी काळजी आधीच घेतली तर असं नुकसान बहुतेक वेळा टाळता येतं.

झटका येतो कुठून?

आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. जवळपास कुठे वीज कोसळली, तर तारांमधला दाब क्षणभर हजारो व्होल्टपर्यंत चढू शकतो. हा झटका डोळ्याची पापणी लवण्याच्याही आत संपतो. फ्यूज किंवा एमसीबी तोवर हलतही नाही, पण उपकरणातलं नाजूक सर्किट जळून जातं. पूर्वी घरात पंखे, बल्ब असत, ते असे झटके बरेचसे सोसत. आज फ्रिजपासून मिक्सरपर्यंत इलेक्ट्रॉनिक सर्किट शिरलं आहे.

दुसरा धोका न्यूट्रलची तार तुटण्याचा. मग २३० ऐवजी ४०० च्या आसपास व्होल्ट घरात येऊ शकतात, तेही बराच वेळ.

कोणतं उपकरण कशासाठी?

इथेच गल्लत होते. स्टॅबिलायझर कमी-जास्त होणारा दाब सांभाळतो, पण क्षणिक झटक्यापुढे तो संथ ठरतो. झटक्यासाठी सर्ज प्रोटेक्टर म्हणजेच स्पाइक गार्ड हवा. त्यातला व्हॅरिस्टर नावाचा लहानसा भाग दाब वाढताच जादा वीज दुसरीकडे वळवतो. मात्र न्यूट्रल तुटल्यावर येणारा दाब त्याला पेलवत नाही, तो स्वतःच जळतो. त्यासाठी जास्त दाब येताच वीज तोडणारं उपकरण मुख्य बोर्डात बसवावं लागतं. सर्ज प्रोटेक्टरही मुख्य बोर्डात एक आणि महागड्या उपकरणांजवळ एक, असे दोन असले तर उत्तम.

खरेदी करताना

स्पाइक गार्डसारखे दिसणारे अनेक बोर्ड प्रत्यक्षात निव्वळ एक्स्टेन्शन बोर्ड असतात. खोक्यावर सर्ज प्रोटेक्शनचा उल्लेख आणि जूलचा आकडा आहे का, ते पाहा. व्हॅरिस्टर प्रत्येक झटक्यानंतर थोडा झिजतो, म्हणून संरक्षण शाबूत असल्याचं दाखवणारा दिवा असलेला घ्या. तो दिवा विझला की स्पाइक गार्ड बदला, सॉकेट चालू असलं तरीही.

अर्थिंग विसरू नका

अर्थिंग नसेल तर सर्ज प्रोटेक्टर अर्धवटच काम करतो. शिवाय अर्थिंग हा घरातल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थची तारच नसते. पावसाळ्यापूर्वी जाणकार इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

हेही लक्षात ठेवा

• वीज गेल्यावर टीव्ही, एसी बंद करा. वीज आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून मगच सुरू करा.

• डिश अँटेनाच्या तारेतूनही झटका येतो. तीही काढून ठेवा.

• प्लग काढायचे ते ढग जमू लागताच. विजा चमकू लागल्यावर प्लगला किंवा तारेला हात लावू नका.

• विजेचा इशारा मिळावा म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप तयार केलं आहे.

छत्तीसगड काय किंवा आपला विदर्भ काय, विजा दरवर्षी कोसळणारच. अगदी घरावरच वीज पडली तर कोणतंही उपकरण पूर्ण हमी देऊ शकत नाही. तेव्हा उपाय एकच, वेळीच काढलेला प्लग. पण एरवीच्या झटक्यांपासून थोडा खर्च आणि थोडी सावधगिरी तुमचा कष्टाने जमवलेला संसार नक्कीच वाचवू शकते.